मिशीवाल्याची बोलणी

हसनाबादेत कुणाचं लग्न जमवायचं असलं, की पहिला सांगावा बद्रीनाथला जायचा. बैठकीत तो बोलायला लागला की दोन्हीकडचे पाहुणे माना डोलवायचे, काही पटलं म्हणून आणि काही झोप आली म्हणून. बोलणाऱ्याची बोरं विकतात, न बोलणाऱ्याचे आंबेही विकत नाहीत, असं तो स्वतःच सांगायचा, आणि त्याची बोरं अख्ख्या भोकरदन तालुक्यात खपायची. गणपतीचा मंडप असो की शाळेचं स्नेहसंमेलन, माईक बद्रीनाथच्या हातात. बोलण्याआधी तो दोन्ही हातांनी मिशीची दोन टोकं वर ओढायचा आणि मगच "बंधू-भगिनींनो" बाहेर पडायचं. मिशीही तशीच होती, वरच्या ओठावर उगवून खालच्या ओठाला सावली देणारी.

अशा माणसाला देवानं एकुलती एक लेक दिली, मीना, आणि तिला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. देवालाही कधीकधी थट्टेची लहर येते.

मीना संभाजीनगरच्या बधिर मुलांच्या शाळेत आणि तिथल्या वसतिगृहात वाढली. तिची आई द्वारकाबाई शाळेतल्या पालकांच्या वर्गाला जाऊन खुणांची भाषा शिकून आली. सुट्टीत मीना घरी आली की स्वयंपाकघरात मायलेकींचे हात असे चालायचे की भाकर करपायची. बद्रीनाथ ओसरीवर बसून तव्याचा वास घ्यायचा आणि आत ओरडायचा. लेकीला काही सांगायचं असलं तर बायकोला सांगायचा, "तिला म्हणा, जेवून घे." लेक समोरच बसलेली असायची. आता मीना जालन्यात बियाण्यांच्या कंपनीत कॉम्प्युटरवर कामाला होती, शनिवारी गावी यायची. पगार आला, मोबाईल आला, पण "तिला म्हणा" काही गेलं नाही.

सप्टेंबरच्या शेवटी जालन्यात बधिर दिनाचा कार्यक्रम होता. लोकांना बहिरेपणाबद्दल चार गोष्टी कळाव्यात म्हणून जनजागृती. पालकांच्या वतीनं कुणी बोलावं असा प्रश्न निघाला, आणि तो निघायच्या आधीच बद्रीनाथनं इस्त्रीचा सदरा काढून ठेवला होता.

सभागृहात बहुतेक सगळे बधिरच होते. मंचाच्या कडेला मोनाली नावाची दुभाषी उभी होती. बोलणाऱ्याचं बोलणं ती हातांनी समोरच्यांना सांगायची. बद्रीनाथनं मिशी ओढली, माईक तोंडाला लावला आणि सभागृहाच्या मागच्या भिंतीवरच्या पंख्याकडे बघत सुरुवात केली, "ही आपली बिचारी मुकी लेकरं..." मोनालीचे हात क्षणभर थांबले. मग तिनं ते वाक्य जसंच्या तसं सांगितलं, आणि पुढच्या रांगेत बसलेल्यांनी एकमेकांकडे बघत एवढं भराभर काही म्हटलं की मुकं कोण, असा प्रश्न कुणालाही पडावा. बद्रीनाथला पडला नाही. तो पंख्याकडे बघत होता.

भाषण संपलं तेव्हा समोरच्या सगळ्यांनी दोन्ही हात वर करून पंजे हलवले. बद्रीनाथला गहिवरून आलं. लोक 'अजून, अजून' म्हणतायत! त्यानं परत माईक धरला आणि शेतकरी, शिक्षण, संस्कार असं सगळं फिरून आला. पुन्हा हात वर झाले, जरा जोरात. तो पुन्हा बोलला. शेवटी मोनालीच जवळ आली. तिच्या दंडाला कळा लागल्या होत्या.

"काका, ती टाळी हाय. या लोकांत अशीच टाळी वाजवतात. तुमचं संपलं म्हणून ते खुश होऊन राह्यलेत."

बद्रीनाथ खाली उतरला, पण बाहेर चहा घेताना त्याला एक गोष्ट आठवली. "पोरी, तू माझं नाव आलं की इथं बोटं फिरवत व्हतीस," तो वरच्या ओठावर बोट ठेवून म्हणाला, "ते काय व्हतं?"

"तेच तुमचं नाव. मीनाताईनं लहानपणीच ठेवलं. बधिर लोकांत ज्याचं त्याचं खुणांचं नाव असतं, काका. माणसाचं जे नजरेत भरतं त्याच्यावरून. आपलं आपण ठेवायचं न्हाई, त्यांनी द्यायचं."

बद्रीनाथच्या अंगावर मूठभर मांस चढलं. आपली मिशी दुसऱ्या भाषेतही पोचली! परतीच्या जीपमध्ये तो ड्रायव्हरलाही ते सांगत होता. मग मीनाचं खुणांचं नाव काय, हे विचारावं असं मात्र त्याच्या मनात आलं नाही.

त्या पुढच्या रांगेत जालन्यातल्याच मस्तगड भागातले राधेश्याम आणि त्यांची बायको बसले होते. त्यांचा मुलगा सुमित मीनाच्याच कंपनीत होता, दोघांचं जमलं होतं, आणि दोन्ही घरांना ते पसंत होतं. तिघंही बधिर. राधेश्याम सळयांच्या कारखान्यात कामाला होते. ज्या यंत्रापुढं ऐकणारी माणसं महिन्याभरात कावायची, त्याच्यापुढं ते निवांत डबा खायचे. बोलण्यांची तारीख ठरायची तेवढी बाकी होती. ती ठरली आणि त्याबरोबर निरोपही आला. शनिवारी मीनानं तो आईला हातांनी सांगितला आणि द्वारकाबाईनं नवऱ्याला तोंडानं.

"उद्याचा सोडून पुढच्या रविवारी या म्हणतेत मस्तगडला. पर दुभाषी नगं. पोरीच्या बापानं सोता बोलायचं, आमच्या भाषेत."

"म्हंजी?"

"म्हंजी हातानं. ते म्हणतेत, मंचावर एवढं बोलले, आमच्याकडं एकदा बी बघितलं न्हाई. सोयऱ्याशी जन्मभर बोलायचं असतंय, दर टायमाला मोनाली कुठून आणायची?"

बद्रीनाथ आधी हसला. साऱ्या तालुक्याची बोलणी करणाऱ्या माणसाला बोलणी येत नाहीत म्हणणं म्हणजे सुताराला रंधा दाखवणं. मग हसू हळूहळू मिशीत जिरलं. कारण खरंच येत नव्हती. लेकीचं लग्न आपल्या हातांवर येऊन अडलंय, आणि आपल्या हातांना जेवण आणि माईक सोडून काही येत नाही, हे त्याच्या ध्यानात आलं, आणि त्याला भीती वाटली. पण तो बद्रीनाथ होता. भ्यायल्यावर तो पळवाट शोधायचा.

पळवाट नाकाखालीच सापडली. मीना लहान असताना एकदा द्वारकाबाईनं सांगितलं होतं, "पोरगी सगळ्यांचे ओठ थोडेथोडे वाचते, तुमचेच तेवढे दिसत न्हाईत तिला." झालं तर मग! मिशी काढली की ओठ मोकळे. मग हात कशाला हलवायचे? तोंड हाय की.

तो तडक कचरूच्या दुकानात जाऊन खुर्चीवर बसला. "मिशी काढ."

कचरू न्हाव्याच्या हातातला ब्रश खाली पडला. गावात माणूस मिशी काढतो तो एकदाच, बाप गेल्यावर. "आबा...? कधी झालं हे, बद्रीभाऊ?"

"आबा ओसरीवर शेंगा खाऊन राह्यलेत. तू वस्तरा चालव."

कचरूला ते पटलं नाही. दुःखानं माणसाला भ्रम होतो, हे त्यानं ऐकलेलं होतं. त्यानं डोळे पुसत मिशी काढली आणि पैसे घ्यायला नकार दिला. बद्रीनाथ वेशीपासून पानटपरीपर्यंत दोन माणसांशी बोलून घरी पोचला, तोवर अंगणात खांद्यावर पंचा टाकलेली माणसं जमली होती. त्यांच्या मधोमध त्याचा बाप तातेराव, शेंगांची टरफलं उडवत, आपल्याच दुखवट्याला आलेल्यांचं ऐकून घेत होता.

"आबासारखा सरळ माणूस आता व्हणार न्हाई," एक जण त्याच्याकडेच बघून म्हणाला आणि मग गोंधळून गप्प झाला.

"बोल, बोल," तातेराव म्हणाला. "आणखी काय म्हणणार व्हता? उद्या मला ऐकू यायचं न्हाई." आणि मग मुलाकडे नजर गेल्यावर त्याचं तोंड उघडंच राहिलं. "बद्र्या, म्या जित्ता असताना? लाज हाय का तुला?"

बद्रीनाथनं कारण सांगितलं. म्हाताऱ्यानं हातातली शेंग फोडत त्याच्या नागड्या ओठाकडे बघितलं. "पोरीसाठी काढली ना," तो म्हणाला, "मंग चालतंय. पर सांगावा धाडला असता तर म्या जरा आडवा तरी झालो असतो. लोक हेलपाटा करून आलेत."

आत घरात मीना होती. बद्रीनाथ तिच्यापुढं उभा राहिला आणि माईक नसतानाही मोठ्यानं, ओठ ताणून म्हणाला, "आता दिसतंय का?"

मीनानं त्याच्याकडे बघितलं. हसावं की रडावं हे तिला ठरवता येत नव्हतं, तिनं दोन्ही थोडंथोडं केलं. मग हातांनी काही सांगितलं. द्वारकाबाईनं तोंडानं उतरवलं, "दिसतंय म्हणते. अर्धं कळतंय, अर्धं अंदाजानं. बाप अन् पाप ओठावर सारखंच दिसतंय म्हणते."

"अन् अजून काय म्हणती? अजून काय तरी म्हणली ती."

द्वारकाबाईनं पदर सावरला. "म्हणली, मिशी काढली बापूनं, पर हात खिशातच ठेवलेत."

बद्रीनाथनं खाली बघितलं. हात खरोखरच खिशात होते.

मीनानं आठवडाभराची सुट्टी टाकली आणि शिकवणी सुरू झाली. सोयाबीनचं खळं बाजूला आणि ओसरीवर बापलेक समोरासमोर. एकच वाक्य शिकायचं होतं. बद्रीनाथनं आधी सुचवलं, "मी माझी लेक तुमच्या घरी देतो." द्वारकाबाईनं ते हातांनी सांगताच मीनानं नाक मुरडलं. मी काय भाजीची जुडी आहे का, देतो म्हणायला? मग तिनंच वाक्य बांधलं. मी अमुक, ही माझी लेक अमुक, हिचं आणि सुमितचं लग्न, मला आनंद आहे. एवढंच. बद्रीनाथला वाईट वाटलं. एवढ्याशा वाक्याला तो साधारण पाऊण तास लावायचा.

हात जमायला लागले, पण दुसरीच अडचण निघाली. तो खुणा करताना स्वतःच्या बोटांकडे बघायचा, आणि बोटं बरोबर पडली की छताकडे. मीना त्याची हनुवटी एका बोटानं उचलून आपल्याकडे वळवायची. हात बघायचे नाहीत, माणूस बघायचा. ती 'पुन्हा' म्हणायची. हवेत एक गोल गिरकी. ती गिरकी बद्रीनाथ सगळ्यात आधी शिकला, कारण तीच सगळ्यात जास्त वेळा बघायला मिळाली. लोकांच्या डोक्यांवरून बोलण्यात आयुष्य गेलेला माणूस तो. एखाद्याच्या चेहऱ्यावर नजर ठेवून बोलायचं म्हणजे त्याला उघड्यावर आंघोळ केल्यासारखं वाटायचं. पोटच्या लेकीच्या तोंडाकडे बघतानासुद्धा.

आणि वाक्यात एक जागा रिकामी होती. "तुझं नाव?" बद्रीनाथनं आयुष्यात पहिल्यांदा लेकीला हातांनी प्रश्न विचारला. चांगला विचारला. मीनानं मान हलवली आणि मग सावकाश, त्याला कळेल अशा बेतानं, मधे आईची मदत घेत जे म्हणाली ते असं होतं: मीना हे नाव मी कधी ऐकलंच नाही. ते तुमचं, तुम्ही ठेवलेलं, तुमच्या कानांसाठी. माझं नाव माझ्या तोंडावर आहे, साऱ्या शाळेला दिसलं, तुम्ही बघून सांगा. मस्तगडला ते नाव घेतलंत तर लग्न. नाही घेतलंत, तर मीच राधेश्यामकाकांना सांगेन, थांबा म्हणून. ज्या बापाला माझं नाव माहीत नाही, तो कुणाच्या लग्नाचा आनंद सांगणार?

बद्रीनाथनं त्या रात्री भाकर अर्धी ठेवली. दुसऱ्या दिवसापासून तो नाव हुडकू लागला. वेणी? मीना मान हलवायची. चष्मा? नाकातली चमकी? कॉम्प्युटरवर बोटं बडवल्याची खूण त्यानं स्वतःच काढली. मीनानं तोंड फिरवलं. द्वारकाबाईला विचारलं तर तिनं दोन्ही हात पाठीमागं नेले. "पोरीनं शपथ घातली. तोंडानं सांगू नगं अन् हातानं बी."

"माझ्याच घरात माझ्यापास्नं लपवून राह्यलेत!"

"लपवलं कुठं? हातच्या काकणाला आरसा लागतो का? बघा की." द्वारकाबाईचा आवाज बदलला. "म्या पहिल्याच दिवशी बघितलं व्हतं."

मोनालीला फोन केला. तिलाही शपथ पोचली होती.

रविवार उजाडला. मस्तगडच्या बोळात राधेश्यामांच्या दाराची घंटा दाबली तर आवाज आला नाही. आत एक दिवा लुकलुकला आणि दार उघडलं. बैठकीच्या खोलीत खुर्च्या गोल मांडलेल्या होत्या, कुणाची पाठ कुणाकडे नाही, आणि सकाळ असूनही दिवे लावलेले, प्रत्येकाचं तोंड लख्ख दिसावं म्हणून. सुमितचे दोनचार मित्रही आले होते. गप्पा सुरू झाल्या. हात उडत होते, भुवया उडत होत्या, मधेच कुणी पाय आपटून लांबच्याला हाक मारत होतं, कुणी मांडीवर थाप देऊन हसत होतं. द्वारकाबाईसुद्धा त्यात होती, तिची विहिणीबरोबर गट्टी जमली होती. बद्रीनाथ मधोमध बसून एकाच्या हाताकडून दुसऱ्याच्या हाताकडे बघत होता. अख्ख्या खोलीत मुका एकटा तोच होता.

चहा आला तेव्हा सगळे शांत झाले, कारण हातात कप आला की कुणाला बोलता येत नाही. तेवढ्यापुरता बद्रीनाथ सगळ्यांच्या बरोबरीला आला. कप खाली ठेवायला तो घाबरत होता. चहा संपून गेला तरी तो रिकामा कप फुंकत राहिला.

मग राधेश्यामांनी जमिनीवर पाय आपटला. सगळ्यांची तोंडं बद्रीनाथकडे वळली. मीना समोरच होती. तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं, मांडीवर हात घट्ट धरलेले. तिलाही भीती वाटत होती, हे बद्रीनाथला दिसलं. आठवडाभर तिच्या तोंडाकडे बघायची सवय लागली होती, म्हणून दिसलं. आणि नाव अजूनही सापडलेलं नव्हतं.

तो उभा राहिला. बसून बोलणं त्याला येतच नव्हतं. पहिली खूण स्वतःच्या नावाची, ती तरी पक्की. आणि घाबरलेल्या माणसाचे हात जुन्या वाटेनं जातात तसे त्याचे दोन्ही हात भाषणाआधी जायचे तसे वर गेले, ओठाच्या दोन्ही कडांना पोचले, टोकं चिमटीत धरली आणि ऐटीत वर ओढली.

चिमटीत काही नव्हतं. बद्रीनाथनं पुन्हा ओढून बघितलं. मग जत्रेत लेकरू हरवल्यासारखं तोंड करून तो आपल्या रिकाम्या बोटांकडे बघत राहिला.

मीना हसली. आवाज करून, खोलीभर, मान मागं टाकून. ते हसू बद्रीनाथच्या ओळखीचं होतं. किती तरी सुट्ट्यांत त्यानं ते ओसरीवर बसून, आतून येताना ऐकलं होतं आणि "कशाला खिदळून राह्यल्या" म्हणून ओरडला होता. फक्त ते कधी बघितलं नव्हतं. आता त्यानं बघितलं. डाव्या गालावर, ओठापासून बोटभर वर, एक खोल खळी पडली होती. साध्या हसण्यात ती पडत नसावी. आठवडाभरात एकदाही दिसली नव्हती. खरं हसू आलं तरच ती येत असावी, आणि तसं हसू आपल्यापुढं या पोरीला कधी आलंच नव्हतं. बद्रीनाथला हे कळलं.

त्यानं उजव्या हाताचं बोट उचललं आणि स्वतःच्या डाव्या गालात रुतवून जरासं फिरवलं.

मीनाचं हसू जागच्या जागी थांबलं. खळी मात्र राहिली. तिकडे द्वारकाबाईनं पदर तोंडाला लावला होता. बद्रीनाथनं ना हाताकडे बघितलं, ना छताकडे. लेकीच्या तोंडावरची नजर न काढता त्यानं सगळं वाक्य केलं. मी मिशी, ही माझी लेक खळी, खळीचं आणि सुमितचं लग्न, मला आनंद आहे. बोटं दोन ठिकाणी चुकली असतील. कुणी मोजलं नाही.

खोलीतले सगळे हात वर गेले आणि पंजे हलायला लागले. राधेश्यामांचे सगळ्यात उंच.

ती टाळी आहे हे आता बद्रीनाथला माहीत होतं. संपलं म्हणून वाजवतात. तो गुपचूप खाली बसला, आणि तालुक्यात बद्रीनाथला कुणी एवढ्या लवकर खाली बसलेलं पाहिलं नव्हतं.

सगळे हात खाली आले, एकच वर राहिला. मीनाचा. डोळे पुसत ती हवेत एक गोल गिरकी काढत होती, पुन्हा, पुन्हा.

बद्रीनाथनं गालात बोट रुतवलं.